वीट पाणी पिते, मग घर कोरडं कसं राहतं?

प्रश्न: आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीचा कठडा नव्यानं बांधायला घेतला होता. गवंड्यानं विटा पिंपात टाकल्या, तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे! वीट जर एवढं पाणी पिते, तर आपल्यासारख्या पावसाळी मुलखात तिच्या भिंती बांधतातच कशाला? आमच्या बेडरूमची पश्चिमेकडची भिंत दर पावसाळ्यात ओलावते. पण पहिल्या सरीला नाही, तीन-चार दिवस लागून पडला की मग. शेजारी म्हणतात आतून वॉटरप्रूफ रंग मारा, गवंडी म्हणतो बाहेरून 'कडक माल' लावू. बहिणीच्या न्यू जर्सीतल्या विटांच्या घराला तर खालच्या थरात ओळीनं भोकं ठेवलेली दिसली. आम्ही भोकं बुजवतो आणि ते मुद्दाम ठेवतात! शहाणं कोण? आणि या ओलीनं इमारतीला धोका तर नाही ना?
— एक वाचक, मानपाडा

उत्तर: पत्त्यात नुसतं 'मानपाडा' असल्यानं आधी आमचाच घोटाळा झाला. एक मानपाडा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरा डोंबिवली पूर्वेला कल्याण-शीळ रस्त्याजवळ, ज्याच्या नावाचा अख्खा मानपाडा रोड डोंबिवलीत आहे. रिक्षावाल्याला हा फरक सांगावा लागतो, पावसाला लागत नाही. तो दोन्हीकडे तसाच झोडपतो. त्यामुळे पुढचं उत्तर दोन्ही मानपाड्यांना चालेल. भिंती मात्र दोन्हीकडे सारख्या नसतात, त्याकडे शेवटी येऊ.

तुमच्या पत्रात प्रश्न पाच आहेत, पण गाठ एकच आहे. 'भिंत म्हणजे पाणी अडवणारी वस्तू' असं आपण गृहीत धरतो आणि मग पाणी पिणारी वीट पाहून बुचकळ्यात पडतो. ही गाठ बुडबुड्यांपासूनच सोडवायला घेऊ.

बुडबुडे म्हणजे विटेतली हवा. माती भाजताना तिच्यातलं पाणी उडून जातं. आपल्याकडे भिवंडी, शहापूर, मुरबाडच्या बाजूला विटा पाडताना मातीत भाताचा तूसही मिसळतात, तो भट्टीत जळून जातो. दोन्हींच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. वीट पाण्यात पडली की या केसाएवढ्या वाटांनी पाणी आत शिरतं आणि हवा बाहेर पडते. दिव्याची वात तेल वर ओढते, तोच हा प्रकार.

वीट किती पाणी पिते हे घरीही मोजता येतं. कोरडी वीट वजनकाट्यावर ठेवा, २४ तास बादलीत बुडवा, बाहेर काढून पुसा आणि पुन्हा तोला. नेहमीच्या विटेनं आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, असं भारतीय मानक सांगतं. तीन किलोच्या विटेला ही मुभा म्हणजे ६०० ग्रॅम, अर्ध्या लिटरच्याही वर! चांगली भाजलेली वीट याहून कमी पिते. भट्टीच्या कडेला राहून अर्धीकच्ची भाजलेली, फिकट वीट मर्यादा ओलांडते. म्हणून जुने गवंडी दोन विटा एकमेकींवर वाजवून बघत. आवाज खणखणीत आला तर वीट पक्की, बद्द आला तर कच्ची. नखानं ओरखडा उठला तरी तिचं भाजणं कमी पडलं असं समजावं.

आता हा हिशेब भिंतीला लावू. ९ इंची भिंतीच्या एका चौरस मीटरमध्ये शंभराच्या आसपास विटा बसतात. प्रत्येकीनं सुमारे ४०० ग्रॅम पाणी धरलं, तरी ते ४० लिटर होतं. म्हणजे तुमच्या पलंगामागच्या मीटरभर भिंतीच्या पोटात दोन बादल्या पाणी मावू शकतं, आणि तेही बाहेर थेंब न सांडता.

या दोन बादल्यांतच तुमच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं कोडं सुटतं. पहिल्या दिवशीचा पाऊस भिंत बाहेरच्या अंगाला पिऊन घेते. मध्ये उघडीप मिळाली, की ऊन-वाऱ्यानं ते पाणी आलं त्याच वाटेनं उडून जातं. पाऊस लागून पडला की परत जायला सवड मिळत नाही. ओल रोज थोडी थोडी आत सरकते आणि अखेर तुमच्या रंगावर डाग उमटतो. पश्चिमेचीच भिंत का, याचं उत्तर वाऱ्यात आहे. आपला मोसमी वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि पाऊस तिरपा आणून त्याच भिंतींवर आपटतो. पूर्वेची भिंत त्या वेळी इमारतीच्या आडोशाला असते.

थोडक्यात, विटेची भिंत पाणी अडवत नाही, पाण्याला उशीर करते. पाणी आत पोचायच्या आत पाऊस थांबला आणि भिंत वाळली, तर घर कोरडं. भिंत बांधण्याची सगळी कारागिरी तो उशीर वाढवण्यासाठी आणि वाळण्याची वाट मोकळी ठेवण्यासाठी असते.

'पाणी पिऊन पिऊन वीट विरघळत कशी नाही?' असाही प्रश्न मनात येईल. उन्हात वाळवलेली कच्ची वीट विरघळतेच. पण ९००-१००० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली, की माती कायमची बदलते आणि पुन्हा चिखल होत नाही. याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याला बौद्ध स्तूप उकरून काढला, तो विटांचा. याच कोकणी पावसात तो कित्येक शतकं उभा होता. भिजणं आणि नासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता न्यू जर्सीच्या भोकांकडे वळू. तिथली बरीच 'विटांची' घरं मुळात लाकडी असतात. छप्पर आणि मजले लाकडी सांगाडा पेलतो. त्याच्याबाहेर इंचभर मोकळी जागा सोडून एकेरी विटांचा पडदा उभारतात आणि तो पडू नये म्हणून धातूच्या पट्ट्यांनी सांगाड्याला बांधतात. आपण रेनकोट घालतो, तसा तो घराला घातलेला विटांचा रेनकोट. पाऊस या पडद्यातून पाझरणारच, हे तिथल्या बांधणाऱ्यांनी आधीच कबूल केलेलं असतं. पाझरलेलं पाणी मोकळ्या जागेतून खाली उतरतं, तळाशी घातलेल्या जलरोधक पट्टीवर येतं आणि दर दोन-पावणेतीन फुटांवर ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडतं. शिवाय तिथून हवा खेळते आणि पोकळी वाळते. बहिणीला सांगा, कोणी हौशी कारागीर ती भोकं सिमेंटनं बुजवायला निघाला, तर त्याला आधी चहा पाजून थांबवा. ती बुजली की पाणी लाकडात मुरेल.

विलायतेतही अशाच दुहेरी भिंती बांधतात, बाहेर वीट, मध्ये पोकळी आणि आत दुसरी भिंत. मग आपण तसं का करत नाही? आपल्याकडे सांगाडा लाकडाचा नसून काँक्रीटचा असतो, जागेचा भाव चौरस फुटावर असतो आणि भिंतीची जाडी कुणालाच परवडत नाही. पोकळीची भिंत आपल्या देशात अगदीच अनोळखी आहे असं नाही. केरळात लॉरी बेकर यांनी विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी सोडण्याची पद्धत रुजवली, तिला उंदराच्या पिंजऱ्यावरून 'रॅट ट्रॅप बाँड' म्हणतात. आपल्या चार मजली इमारतींनी मात्र दुसरा मार्ग धरला. पडद्याचं काम त्यांनी गिलाव्याकडे सोपवलं.

हे काम सोपं नाही. लंडनला वर्षभरात ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबई-ठाण्यात एकटा जुलै त्याहून जास्त देऊन जातो. तिकडे उघडी वीट शोभते, कारण तिला वाळायला सवड असते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती सवडच नसते. म्हणून आपण विटेवर दोन हातांचा, मिळून सुमारे २० मिलिमीटर जाडीचा गिलावा चढवतो, त्यावर रंग देतो आणि खिडकीवर छज्जा काढतो.

या बंदोबस्तातूनही पाणी शिरतं ते कुठून? लोक वीट कच्ची होती म्हणून तिला दोष देतात. बहुतेक वेळा दोष सांध्याचा असतो. आडवे सांधे गवंडी नीट भरतो, कारण त्यांवरच पुढची वीट बसते. उभे सांधे मात्र घाईत अर्धेच भरले जातात आणि गिलाव्याखाली झाकून जातात. विटेच्या पाठीवरची खाच वरच्या बाजूला ठेवायची असते, म्हणजे ती मालानं भरते. वीट उलटी बसवली की आत पोकळी राहते आणि पाण्याला आयतं घर मिळतं.

याहून मोठी वाट म्हणजे वीट आणि काँक्रीट यांची हद्द. तुमच्या भिंतीच्या बाजूला कॉलम आणि वर बीम आहे. ऊन तापलं की काँक्रीट विटेच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तीन मीटर लांबीत २० अंशांचा फरक पडला, तर काँक्रीट ०.६ मिलिमीटर वाढतं आणि वीटकाम त्याच्या निम्मं. उरलेला फरक व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढा. पण रोज ऊन आणि रोज रात्र होते, आणि एक दिवस गिलाव्यावर सरळ रेषेत केसासारखी चीर दिसू लागते. पाण्याला तेवढी पुरते. बारीक चीर पाणी स्वतःच आत ओढते आणि वारा मागून ढकलतो. यावर उपाय म्हणून गिलावा करण्याआधी या हद्दीवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी ठोकायची असते. भिंतही दिवसाला मीटर-दीड मीटरहून जास्त चढवायची नसते. ओला माल बसला की भिंत किंचित खचते. बीमखालचा शेवटचा थर घाईनं भरला असेल, तर तिथे फट पडते.

तिसरी वाट आपणच काढतो. एसीचा पाइप, ग्रीलचे खिळे, केबलवाल्यानं पाडलेलं भोक. अशा भोकांना बाहेरच्या बाजूला उतार द्यायला हवा आणि कडा सीलबंद करायला हव्यात. प्रत्यक्षात तो उतार बऱ्याचदा आतल्या बाजूला असतो! छज्ज्याच्या खालच्या अंगाला कडेलगत एक बारीक खाच असते, ती बघून ठेवा. पाणी छज्ज्याच्या पोटाखालून चालत भिंतीकडे येऊ नये, खाचेपाशी येऊन थेंबाथेंबानं गळावं, एवढ्यासाठी ती असते. रंगारी दर खेपेला पुट्टी भरून ती 'स्वच्छ' करतात आणि सोसायटी वर कौतुकही करते.

आता दोन सल्ल्यांचा निकाल लावू. गवंड्याचा 'कडक माल', म्हणजे सिमेंट जास्त, ऐकायला भक्कम वाटतो. पण जास्त सिमेंटचा माल सुकताना जास्त आकसतो आणि तडकतो. म्हणूनच ९ इंची भिंतीच्या जोडणीला एकास सहा आणि गिलाव्याला एकास चार असं वाळूचं प्रमाण ठेवतात. माल खालच्या विटेपेक्षा कडक झाला, तर हालचाल दोन-चार मोठ्या चिरांतून बाहेर पडते. माल बेताचा असेल, तर ती बारीक सांध्यांत विरून जाते. गिलाव्याला खरी ताकद त्यावर आठवडाभर नेमानं पाणी मारल्यानं येते, आणि कंत्राटात नेमकी हीच गोष्ट सुटते.

शेजाऱ्यांचा आतल्या रंगाचा सल्ला म्हणजे गळक्या छत्रीखाली डोक्याला प्लॅस्टिक बांधण्यासारखा. पाणी बाहेरून आत येतंय. आतला पडदा बंद केला, तर ते भिंतीतच कोंडतं, जोर साठवतं आणि रंगाला फुगे आणतं. पाण्याबरोबर विटेतले आणि वाळूतले क्षारही येतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि भिंतीला पांढरा लोणा लागतो. तो बुरशी नव्हे. बुरशी काळपट-हिरवट असते आणि तिला वास येतो. लोणा कोरड्या ब्रशनं झाडावा, पाण्यानं धुऊ नये. धुतला की विरघळून पुन्हा भिंतीत जातो आणि पुढच्या वर्षी परत भेटायला येतो.

तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ओल जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सारखी चढली असेल आणि उन्हाळ्यातही जात नसेल, तर दोष पावसाकडे नाही. जमिनीतलं पाणी वातीसारखं वर चढतंय. जोत्यावर ओलरोधक थर घालतात तो यासाठीच. तो नसेल, फाटला असेल किंवा बाहेर मातीचा भराव त्याच्याही वर गेला असेल, तर बाहेरून कितीही रंग द्या, पायाचं पाणी चढतच राहणार.

काम काढण्याआधी रोगाची खात्री करून घ्या. ओलसर जागी फूटभर स्वच्छ प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीनं लावा आणि दोन दिवस थांबा. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडच्या अंगाला पाणी साचलं, तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या अंगाला थेंब जमले, तर दमट हवाच गार भिंतीवर पाणी सोडते आहे. मग खिडकी उघडा, कपडे घरात वाळत घालू नका, आणि गवंड्याला बोलावण्याचा खर्च वाचवा.

ओल भिंतीतूनच येत असेल, तर बाहेरून गिलावा ठोकून बघायला लावा. जिथे बद्द आवाज येईल तिथे तो विटेपासून सुटला आहे. तेवढा भाग काढून जाळीसकट नवा करावा, चिरा लवचिक सीलंटनं भराव्यात आणि मग बाहेरचा रंग. हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात. काम दिवाळीनंतर काढा, भिंत वाळलेली असते तेव्हा. ओल्या भिंतीवर बाहेरून जाड रंग चढवला, तर भिंतीतल्या दोन बादल्यांना फक्त तुमच्या बेडरूमची वाट उरते. आणि खर्चाचं म्हणाल, तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारतीच्या बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती हे संस्थेचं काम आहे, एकट्या सभासदाचं नव्हे. तेव्हा पुढच्या सभेत हा विषय मांडाच.

धोक्याबद्दलची तुमची काळजी योग्य आहे, फक्त बोट चुकीच्या जागी आहे. चार मजली काँक्रीटच्या इमारतीत विटेची भिंत मजले पेलत नाही. ती कॉलम-बीमच्या चौकटीत भरलेली असते. ती ओली झाली म्हणून इमारत खचत नाही. काळजी करायची ती शेजारच्या कॉलमची. तीच ओल काँक्रीटमधल्या सळीपर्यंत पोचली, तर सळी गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. कॉलमवर उभी चीर, तांबूस डाग किंवा सुटलेले पोपडे दिसले, तर रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. जुन्या चाळी आणि बैठ्या घरांत मात्र विटेची भिंतच वरचा मजला पेलते. तिथे कपाटासाठी कोनाडा कोरणंही जोखमीचं.

आता राहिला दोन मानपाड्यांचा फरक. घोडबंदरच्या बाजूच्या नव्या टॉवरांत लाल वीट जवळपास दिसतच नाही. ९ इंची विटेची भिंत चौरस मीटरला सव्वाचारशे-साडेचारशे किलो भरते. तिच्या जागी वापरतात त्या एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची ६ इंची भिंत शंभरेक किलोत भागते. तीस मजल्यांचा टॉवर म्हटला की हा फरक पायापर्यंत जाऊन पोचतो. पण ब्लॉकला विटेसारखा पिंपात बुडवायचा नसतो. भिजलेला ब्लॉक वाळताना आकसतो आणि सांध्याला चीर देतो. त्याला वरवर शिडकावा पुरतो. आणि काही टॉवरांत भिंती अॅल्युमिनियमच्या साच्यात अख्ख्या काँक्रीटच्याच ओततात. कारागीर या पद्धतीला 'मायवान' म्हणतात. तिथे भिंत हाच सांगाडा असतो. 'भिंत काय, फोडली तरी चालते' हा चार मजली इमारतीतला अनुभव तिथे नेऊ नका.

तर शहाणं कोण? भोकं ठेवणारे आणि बुजवणारे, आपापल्या भिंतीपुरते दोघेही. त्यांच्या भिंतीत पोकळी आहे, म्हणून पाण्याला दार ठेवावं लागतं. आपल्या भिंतीत पोकळी नाही, म्हणून पाण्याला बाहेरच थोपवून धरावं लागतं. वेडेपणा होतो तो एकाचा उपाय दुसऱ्याच्या भिंतीवर करण्यात.

आणि ते पिंप? कोरडी वीट तशीच मालावर ठेवली, तर ती मालातलं पाणी ओढून घेते. सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही आणि सांधा भुसभुशीत राहतो. म्हणून तिची तहान आधीच भागवून ठेवतात. तुम्हाला ज्या बुडबुड्यांनी काळजीत टाकलं, ते गवंडी आपलं काम चोख करत असल्याची खूण होती. कठड्याचं काम त्याच्याकडेच राहू द्या. फक्त तो 'कडक माल' म्हणाला, की एकास सहाची आठवण करून द्या.